तुला काय माहीत तुझे तात्या!

पत्र:

ताई, माझं वय २९. मूळची सोलापूरची, नोकरी पुण्यात. गेल्या आषाढात माझे आजोबा गेले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. वय ८६, त्यामुळे भेटायला आलेले सगळे ‘सोनं झालं’ म्हणाले. तात्या मिलमध्ये मागावर होते. मिल बंद पडल्यावर, मी शाळेत जायला लागेपर्यंत, सोलापूरच्या पूर्व भागात एका चादर कारखान्यात जायचे. आई-बाबा दोघंही नोकरीला, म्हणून मला वाढवलं तात्यांनीच. शाळेत सोडणं, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसवणं, रात्रीची गोष्ट, सगळं त्यांच्याकडे.

आता वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि घरात रोज वाद आहेत. काकांना चौकात मोठा फ्लेक्स लावायचाय. तात्यांना फ्लेक्सचा राग होता. ‘जित्तेपणी पाणी इचारत न्हाईत आन् मेल्यावर चौकात टांगत्यात’ म्हणायचे. मला त्यांच्या नावानं शाळेला पुस्तकं द्यायची आहेत. आजी कशातच नाही. तेराव्याला तिनं त्यांचे कपडे, छत्री, चपला देऊन टाकल्या, माझ्यासाठी एक सदरासुद्धा ठेवला नाही. मी तिला नको ते बोलले. ती एवढंच म्हणाली, ‘तुला काय माहीत तुझे तात्या!’ तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही.

माझ्या फोनमध्ये त्यांचे चार व्हॉइस मेसेज आहेत, नेहमीसारखे ओरडून बोललेले. ऐकायची हिंमत होत नाही. भीती मात्र वेगळीच वाटते, की मी त्यांना विसरायला लागलेय. मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या हळदीत नाचले आणि रात्री लक्षात आलं, दिवसभरात तात्या एकदाही आठवले नव्हते. ऑफिसातल्या मैत्रिणीनं दुःखाच्या पाच टप्प्यांचा तक्ता पाठवला, त्यात मी कुठे आहे तेच कळेना. नोकरी लागली तेव्हा तात्यांनी दिलेली चादर प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलीय, वास जाऊ नये म्हणून. बरोबर करतेय ना?

— तात्यांची नात

उत्तर:

प्रिय नातीस,

फ्लेक्स, पुस्तकं, चादर या सगळ्यावर बोलू. पण मी अडकले ती आजीच्या वाक्यापाशी. तू ते टोमणा म्हणून ऐकलंस. मला ती तक्रार वाटली. साठेक वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्या माणसाविषयी तिला कुणी काही विचारलेलंच नाही. घरानं ठरवून टाकलंय की तात्या म्हणजे नातीचे लाडके आजोबा. काका फ्लेक्सवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ छापणार, तू पुस्तकांवर त्यांच्या नावाचा शिक्का मारणार, आणि त्यांना सगळ्यात जास्त ओळखणारी बाई ओट्यापाशी उभी राहून पाहुण्यांसाठी चहा टाकणार.

जरा हिशेब कर. तू जन्मलीस तेव्हा तात्या अठ्ठावन्नच्या पुढेमागे होते. म्हणजे तुझ्या वाट्याला त्यांच्या आयुष्याचा शेवटचा एक तृतीयांश भाग आला, आणि तोही निवांत झालेला. गोष्टी सांगणारा, बोट धरून शाळेत नेणारा म्हातारा. ते तात्या खरेच होते, त्यात शंका नाही. पण त्याआधी पन्नासपेक्षा जास्त वर्षं ते कुणाचे तरी सोबती, कुणाचे शत्रू, कुणाचे देणेकरी, एका तरण्या बाईचे नवरे होते. ती वर्षं तू विसरू शकत नाहीस, कारण ती तुझ्याकडे कधी नव्हतीच. तुला विसरण्याची भीती वाटतेय. मला काळजी वाटते ती तुला अजून न मिळालेल्या गोष्टींची, कारण त्या ज्यांच्याकडे आहेत ती माणसंही ऐंशीच्या घरात आहेत.

त्या व्हॉइस मेसेजचंच बघ. ते ओरडून का बोलायचे, हे कधी विचारलंस? मागांच्या खात्यात शेकडो माग एकदम धडधडत असतात. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, नाहीतर हातवारे आणि ओठांची हालचाल यांवर भागवायचं. त्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला उतारवयात कमी ऐकू येतं आणि स्वतःचा आवाज किती मोठा झालाय ते कळत नाही. सोलापुरात पहिली मिल सुरू झाली १८७७ साली, आणि तेव्हापासून पिढ्यानपिढ्या या गावातली म्हातारी माणसं अशीच ओरडून बोलतात. ‘ऐकू येतंय का बे?’ असं तुला दरडावणारे तात्या रागावलेले नसत. तो खात्यातला आवाज होता. मेसेज ऐकायची हिंमत झाली की हे ध्यानात ठेवून ऐक.

ऐकण्याआधी ते जपून मात्र ठेव. फोन बदलताना बॅकअप नीट झाला नाही तर व्हॉट्सअॅपवरचं सगळं जातं, आणि अशी रडकुंडीला आलेली पत्रं मला येतात. चॅट एक्स्पोर्ट करताना मीडियासकट कर, फाइल लॅपटॉपवर घे, एक प्रत पेन ड्राइव्हवर काढ, एक भावंडाकडे दे. एका संध्याकाळचं काम आहे. मेसेज न ऐकताही होतं.

आता आजी. तिची माफी मागायला जाणार असशील तर लांबण लावू नकोस. ‘आजी, मी बोलायला नको होतं’ एवढं पुरे. कपड्यांचा राग सोड. तेराव्याला पांघरूण, चपला, छत्री देतात ती गेलेल्याला पुढच्या वाटेवर काटे लागू नयेत, ऊन लागू नये म्हणून. हे आपण मानू न मानू, तिनं मानलं. तू ज्याला टाकून देणं म्हणालीस, ते तिच्या हिशेबी नवऱ्याला पोचवणं होतं. त्यात तिनं हात आखडता घेतला नाही. मला तर त्यात प्रेमच दिसतं, तुझ्या प्लॅस्टिकच्या पिशवीइतकंच.

मग तिच्याजवळ बस. पण ‘तुला तात्यांची आठवण येते का गं?’ असलं काही विचारू नकोस. त्याचं उत्तर ‘येते की’ एवढंच असतं आणि डोळ्यांना पदर. बारीकसारीक, हाताला लागतील अशा गोष्टी विचार. रातपाळी असली की डब्यात काय द्यायचीस? कडक भाकरी आणि शेंगाचटणी, की आणखी काही? मिलचा भोंगा घरात ऐकू यायचा का, आणि कुठल्या भोंग्याला तवा टाकायचीस? पगाराचं पाकीट तुझ्या हातात यायचं का? बहात्तरच्या दुष्काळात ती लाल मिलो ज्वारी तुम्ही खाल्ली का, तात्यांना ती गिळायची का? किल्लारीचा भूकंप झाला ती ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीच गणपती बुडवले होते, तेव्हा तुम्ही कुठे पळालात, त्यांनी आधी कुणाला उचललं? असे प्रश्न विचारले की बायका बोलायला लागतात. माझा अनुभव आहे. एका दिवसाचं विचारलं की आपसूक चार वर्षांचं बाहेर येतं. ती शेंगा फोडत बसली असेल तर तूही सूप ओढून घे. नुसती समोर बसून तोंडाकडे बघत राहिलीस तर तिला परीक्षा वाटेल. फोनवर रेकॉर्ड करायचं तर तिला सांगून कर. सालं चुकली तर दुरुस्त करू नकोस. ‘अगं, तेव्हा तर बाबांचा जन्मसुद्धा झाला नव्हता’ असं तोंडातून निघालं की गोष्ट तिथेच मेली.

जुने फोटो काढायला लाव. मागच्या बाजूला पेन्सिलनं नावं लिही, हलक्या हातानं. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. आमच्या घरी एका फोटोत अकरा बाप्ये उभे आहेत, सगळ्यांच्या टोप्या ओळखीच्या, चेहरा एकाचाच. बाकीचे कोण हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

एक सावधगिरी. ‘तुला काय माहीत’ या वाक्यामागे गोड गोष्टीच असतील असं धरून जाऊ नकोस. सोलापुरातल्या मिल एकामागून एक बंद पडत गेल्या. पन्नाशी ओलांडलेला, आयुष्यभर एकच काम केलेला कामगार एका सकाळी घरी बसतो तेव्हा त्या घरात काय होतं, हे या गावातल्या बायकांना विचारावं. कुणी विड्या वळून, कुणी शिवण टिपून घर ओढलं. काही बाप्ये दारूला लागले, काही तोंड मिटून बसले, काहींनी सगळा राग घरात काढला. काहींनी मुकाट्यानं दुसऱ्याच्या कारखान्यात निम्म्या पगारावर काम धरलं. तात्यांनी काम धरलं हे तू सांगतेस. ते धरण्याआधीचे महिने कसे गेले, ते आजीला ठाऊक आहे. कदाचित सांगण्यासारखं काही नसेलही. असलं तर ऐकून घे, आणि त्यांची वकील होऊ नकोस. ‘पण तात्या माझ्याशी तर कधीच...’ हे वाक्य त्या खोलीत उच्चारू नकोस. तुझ्याशी ते चांगलेच वागले. तिच्याशी कधी वाईट वागले असतील तरी तुझ्याशी वागले ते खोटं ठरत नाही. जो माणूस फक्त लाडका होता त्याच्याविषयी आठवायला फारसं नसतं.

तुझ्या पत्रात तात्यांच्या मित्रांचा उल्लेख नाही. मागावर राबलेला, पूर्व भागात चादरी विणलेला सोलापूरकर, त्याला तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू यांतल्या निदान तीन भाषा येत असणारच, आणि संध्याकाळचा कट्टाही असणार. त्या कट्ट्यावरचं कोण उरलंय ते शोध. भाऊ, काका, चहाटपरीवाला, कुणीही सांगेल. त्या मित्रांबरोबर तात्या तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलत असतील तर तिथले तात्या तू पाहिलेले नाहीत. माणूस दुसऱ्या भाषेत वेगळा असतो. घरी अबोल असणारा तिथे अख्खा कट्टा हसवत असतो. तुला भाषा येत नसेल तर शेजारच्या एखाद्या मुलीला सोबत घे, ती सांगेल. हे म्हातारे वर्षश्राद्धाला जेवायला येतील, ‘लई चांगला माणूस हुता’ म्हणतील आणि चपला घालून जातील. त्या दिवशी गर्दीत त्यांना काही विचारू नकोस. आधी जा, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. जाताना पानसुपारी चालत असेल तर ती घेऊन जा. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांना तात्यांचा फोटो पाठव. बोलणं सुरू होतं.

हे सगळं घाईनं कर म्हणतेय, त्याचं कारण सांगते. पुण्याहून घरी यायला तू हुतात्मा एक्सप्रेस धरत असशील. ती गाडी ज्या चार हुतात्म्यांच्या नावानं आहे ते हे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्यानंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. गाव त्यांना विसरलं नाही. चौकाला, गाडीला त्यांची आठवण दिली, दर वर्षी हार घातले जातात. पण त्यांच्यातला कोण जेवताना हट्टी होता, कोण गाणं म्हणायचा, हे सांगायला आज कोण आहे? नाव आणि तारीख गाव सांभाळतं. बाकीचं पाहिलेल्या माणसाबरोबर जातं. तात्यांसाठी तर गाव गाडी सोडणार नाही. त्यांचं जे काही राहील ते तीन-चार म्हाताऱ्या माणसांच्या तोंडूनच.

तो पाच टप्प्यांचा तक्ता फाडून टाक, म्हणजे डिलीट कर. एलिझाबेथ क्युबलर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून, स्वतःचं मरण माणूस कसं स्वीकारतो यासाठी. मागे राहिलेल्यांनी त्या पायऱ्या क्रमानं चढायच्या आणि वर पोचलं की दुःख संपलं, असं त्याचं पुढे लोकांनी करून टाकलं. तू हळदीत नाचलीस, चांगलं केलंस. दिवसभर आठवले नाहीत आणि रात्री आठवले, यात विसरणं कुठे आलं? हं, पण झोप लागत नाही, जेवण जात नाही, कामात महिनोन् महिने लक्ष नाही, जगूच नये वाटतं, असं काही असेल आणि तू ते पत्रात लिहिलं नसशील, तर मग सल्ल्याच्या सदरावर थांबू नकोस. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

काकांविषयी तू जरा घाईनं निकाल दिलास असं मला वाटतं. फ्लेक्स मलाही आवडत नाहीत. सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत कोण वारलं, कोण नगरसेवक झालं आणि कुणाच्या पोराचा वाढदिवस आहे, हे एकाच आकाराच्या अक्षरात वाचून डोळे किटलेत. पण तुझे काका बहुधा तात्यांबरोबर राहत असणार. शेवटच्या काळात उचलून संडासला नेणं, रात्री दोनला रिक्षा शोधणं, औषधांच्या चिठ्ठ्या, हे कुणी केलं, ते तुझ्या पत्रात नाही. बहुधा त्यांनीच केलं असणार. पुरुषांना आपल्याकडे दहाव्याला डोकं करून घेण्यापलीकडे रडायची सोय नाही. फ्लेक्स हे त्यांचं रडणं आहे, चारचौघांत मान्य असलेलं. तात्यांचा विनोद त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. त्याऐवजी फोटो तू निवड. तो कडक इस्त्रीच्या टोपीतला, आधार कार्डावरच्यासारखा चेहरा केलेला नको. हसणारा शोध. खाली नेत्यांची मुंडकी नकोत एवढी एक अट घाल, दोन दिवसांत उतरवायचा ही दुसरी. आणि महापालिकेची परवानगी काढायला लाव, नाहीतर तात्या म्हणाले होते तसे चौकात टांगलेले सापडतील आणि वर दंड.

पुस्तकांचं छान आहे. फक्त मला एक सांग, तात्या वाचायचे का? तू लिहिलेलं नाहीस. पुस्तकं तुला आवडतात असं पत्रावरून दिसतं. तात्यांना काय आवडायचं ते आजीकडून कळेल, मग ठरव. कदाचित त्या शाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी फुटकी असेल आणि मागावर घामानं निथळलेल्या माणसाच्या नावानं तेच शोभेल. वर्षश्राद्धाच्या पानाचंही तसंच. खीर, वडे, आमसुलाची चटणी गुरुजी सांगतील तशी होईल. त्यांना खरोखर काय आवडायचं ते एका वाटीत वेगळं वाढायला कुणाची ना नसते. काय वाढायचं ते मात्र आजीला ठरवू दे. तिथे तू मध्ये पडू नकोस. तिथी तारखेप्रमाणे येत नाही, ती काकांना आत्ताच विचार आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात रजा टाक. आदल्या रात्री पोचून दुसऱ्या दिवशी परत, असं केलंस तर कट्टाही व्हायचा नाही आणि आजीही.

राहिली चादर. प्लॅस्टिक सोड. सुती कापड प्लॅस्टिकमध्ये घुसमटतं, ओल धरतं, आणि पावसाळा लागला की तुला तात्यांच्या नाही, बुरशीच्या वासाची चादर मिळेल. वास तसाही फार दिवस टिकत नाही. ठेवायचीच असली तर धुतलेल्या मऊ धोतरात गुंडाळून ठेव आणि अधूनमधून सावलीत वारा दे. पण माझं ऐकशील तर पांघर. सोलापुरी चादर धुण्यानं मऊ होते, वर्षानुवर्षं टिकते, आणि ज्यानं आयुष्यभर पांघरुणं विणली त्यानं ती कपाटासाठी दिली नसणार. पहिल्या धुण्याला गार पाण्यात वेगळी भिजव, गडद रंग सुटतो. तुझ्या पुण्याच्या वॉशिंग मशीनमध्ये पांढऱ्या कुर्त्यांबरोबर टाकू नकोस.

— तुझी ताई